टोपणातला मासा

मला त्याचा राग यायचा, असं मी लोकांना सांगते. खोटं. मी जळायचे त्याच्यावर. सकाळी लालबागच्या आमच्या गाळ्याच्या दाराशी तो चपला काढायचा, त्या चपला दिसल्या तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बाबा बँडची पितळी वाद्यं दुरुस्त करायचे, पण त्यांचं नाव झालं ते जुने ट्यूबा कापून त्यांची पट्टी बदलण्यासाठी. ट्यूबा म्हणजे बँडमधलं ते मोठ्या तोंडाचं, मांडीवर घेऊन वाजवायचं धूड. आम्ही त्याला बास म्हणतो. जुने बास बहुतेक काळी पाच पट्टीचे. कुणाला तो थोडा वर, पांढरी एकमध्ये हवा असला, तर आतली नळी तीन ठिकाणी मिळून दोनेक फूट कमी करायची, वाकणं पुन्हा बसवायची, सांध्यांना डाक द्यायचा. नळी आखूड झाली की सूर वर चढतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा.

मी बारावी झाल्यापासून गाळ्यात. राळ वितळवून नळीत ओतायची, म्हणजे वाकवताना नळी चेपत नाही, हे काम माझं. घासणं माझं, चकाकी आणणं माझं. शेवटचा काप मात्र त्याचा. परळच्या चाळीतला होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बाबांकडे कामाला लागलेला. कान फार चांगला त्याचा. हे लिहितानासुद्धा जिवावर येतंय, पण होता चांगला.

आमच्या गाळ्याची एक रीत होती. शेवटचा काप ज्याचा, त्याने बोटांनी दाबायच्या कळांपैकी मधल्या कळीच्या खालचं टोपण उघडून आतल्या बाजूला आपली खूण कोरायची. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पुढे कधी कुणा कारागिराने वाद्य उघडलं, तर हात कुणाचा होता ते त्याला कळावं, एवढ्यासाठी. बाबांची खूण नांगर, त्याची त्रिकोण. माझी मी शाळेत असतानाच ठरवून ठेवली होती, मासा. गाळ्याच्या भिंतीवर खडूने कितीदा काढला असेल. बाबा बघायचे, त्यांच्या मालवणीत म्हणायचे, "मासो बरो आसा गो." टोपणात कोर, असं मात्र कधी म्हणाले नाहीत. मला बाकी काही नको होतं. बाबांनी एकदा म्हणावं, कोर तुझा मासा. बस्स.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. त्याच सुमारास दादरच्या एका चर्चमधला बास आला. वाजवणाऱ्या अंकलना ऑर्गनवाल्याच्याच स्वरांच्या कागदावरून वाजवायचं होतं, म्हणून पांढरी एक हवी होती. दोन काप बाबांच्या त्या लाडक्याने घेतले. तिसरा राहिला. मी म्हटलं, "बाबा, हा मी घेते."

"नको गो. उद्या तो करतलो."

असली तिडीक गेली माझ्या डोक्यात! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोटची पोर मी, आणि करवत त्याच्या हातात?

सकाळी सहाला किल्ली घेऊन मी गाळा उघडला. जानेवारीची थंडी. बाबांचा पहिला धडा मला तोंडपाठ होता, आधी पंधरा मिनिटं फुंकून बास गरम करायचा, मग मोजायचं. पितळ थंड असलं की सूर खाली बोलतो. पण सकाळी सहाला पंधरा मिनिटं बास फुंकला असता तर वरची अख्खी चाळ माझ्या उरावर बसली असती. मी तीनच हलक्या फुंका मारल्या, शेजारी पेटीवर पांढरी एक दाबून धरली. सूर खाली लागला. मी सरळ चार बोटं नळी कापली. कड घासली, जोडली, आणि त्याची वाट बघत बसले.

दहाला तो आला. काप झालेला त्याने पाहिला. बास मांडीवर घेऊन फुंकत बसला. जसजसा बास तापला, तसतसा सूर वर चढत गेला. त्याने सुराची सरकती नळी पूर्ण बाहेर ओढली, तरी वरच. मी राळ ढवळत उभी.

बाबांनी नळी सोडवली, कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "कोणी कापल्यान?"

"माझ्याकडूनच झालं, काका," तो म्हणाला. "काल जाता जाता घाई केली."

आणि मी गप्प बसले. वर मनात म्हटलं, मोठेपणा करतोय मेला!

त्याने दोन बोटांचा तुकडा मधे घालून नळीला जोड दिला, बास सुरात आणला. संध्याकाळी बाबा म्हणाले, चहा घेऊन ये. मी चहा घेऊन परतले तोवर टोपण बंद झालेलं होतं. म्हणजे आत त्याचा त्रिकोणच गेला, मी समजले.

पुढे त्याने गिरगावात स्वतःचा गाळा घेतला. बाबा गेले. गाळा मी चालवू लागले आणि माझा मासा कितीतरी बासांत कोरला. कोर म्हणणारं कुणी नव्हतं. दर वेळी चोरी केल्यासारखं वाटायचं.

गेल्या महिन्यात तोच चर्चचा बास कळी अडकते म्हणून आला. पंधरा वर्षांनी. मी मधलं टोपण उघडलं. आत मासा होता. रेघ थरथरलेली, शेपटी दोनदा गिरवलेली. त्याचा हात असा नव्हता. तो बाबांचा हात होता.

मी त्याला फोन लावला.

"तुला आत्ता कळलं?" तो म्हणाला. "अगं, डावखुरी तू. तुझी करवत एका बाजूला कलते. काकांना कडेवर अंगठा फिरवल्याबरोबर कळलं होतं. तू चहा आणायला गेलीस तेव्हा माझ्या खोटं बोलण्याला खूप हसले. मग म्हणाले, काप तिचा, खूण तिची. मी कोरून देतो म्हटलं, तर टोपण माझ्या हातात दिलं नाही त्यांनी."

"मला का नाही सांगितलंस रे?"

"ते म्हणाले, कधीतरी उघडेल तेव्हा बघेल."

माझा मासा, बाबांच्या हातचा. मी बिघडवलेल्या बासात, पण बाबांच्या हातचा. मला भरून यायला हवं होतं. आणि माझ्या मनात आलं काय, तर मी चहा आणायला गेले तेवढ्यात हे दोघे माझ्यावर हसत बसले होते. बाबांचं ते बोलणं पंधरा वर्षं याच्याकडे होतं. माझं होतं ते, आणि याच्याकडे होतं.

"परत सांग," मी म्हटलं. "बाबा कसे म्हणाले, त्यांच्या बोलीत सांग."

त्याने घसा खाकरला.

"काप तिचो, खूण तिची. उघडतली तेव्हा बघतली."

मेल्याला बाबांचा आवाजसुद्धा येत होता.