पोट प्रमाणाबाहेर

देवदत्त मुजुमदार आणि मी हिंदी मुलखातल्या रांझीच्या सरकारी फॅक्टरीत एकदमच लागलो आणि एकाच वर्षी रिटायर झालो. मी स्टोअरमध्ये होतो, तो तपासणीत. चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं: हातात भिंग घ्यायचं आणि दुसऱ्याच्या कामात खोट काढायची. सरकार त्याबद्दल पगार देत होतं, त्यामुळे हा आपला स्वभाव आहे हे त्याच्या कधी लक्षातच आलं नाही.

रिटायर झाल्यावर भिंग घरी आलं. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून तो नंदावहिनींच्या पोळ्या तपासू लागला. ही वाकडी, ही जाड, हिच्यावर तीन डाग. वहिनींनी महिनाभर सोसलं. मग एक दिवस लाटणं आपटलं.

"माझ्या पोळ्या काहून मोजून राहिले जी? फॅक्टरी सुटली न तुमची! काही धंदा करा, पण माझ्या ओट्यापासून दूर."

धंदा म्हणून त्याने शोभेचे मासे निवडले. घरी पैदास करायची आणि बाजारातल्या मोठ्या कारंज्याजवळ, बड्या फुहाऱ्याच्या गल्लीत, विपुलच्या माशांच्या दुकानात विकायची. पण मासा कोणता? पंधरा दिवस चौकशी चालली. गोल्डफिशला जागा फार. फायटरला प्रत्येकी वेगळी बरणी, नाहीतर मारामारी. एंजल आपलीच अंडी खातो. "असल्याच्या भरवशावर धंदा करायचा?" देवदत्त म्हणाला. शेवटी गप्पी पास झाला. आमचं बोअरचं जड पाणी त्याला मानवतं, आणि मादी महिन्याकाठी थेट पिल्लंच देते. त्याने विपुलकडून सहा जोड्या आणल्या.

वहिनी व्हरांड्यात मुलांना मराठी शिकवायच्या. ती जागा त्यांनी टाक्यांना दिली, पण एका अटीवर. दसऱ्यापर्यंत एक तरी मासा विकला गेला पाहिजे, नाहीतर टाक्या बाहेर आणि मुलं आत. म्हणजे देवदत्त पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात. ती खुर्ची खरं तर दोघांनाही नको होती.

इथे स्वभाव आडवा आला. खाद्याच्या डब्यावरचं चित्र बघून त्याने ग्राफपेपरवर आदर्श गप्पी काढला: शेपटी एवढी, रंग एवढा, जाडी एवढी. त्यात बसेल तो पास. फॅक्टरीत नापास मालाला लाल रंग फासायचे. माशाला काय फासणार? म्हणून नापासांची बरणी लाल दोरा बांधून माझ्या घरी यायची. सोबत चिठ्ठी: "रंग अपुरा. शेपटी आखूड. पोट प्रमाणाबाहेर." मी त्या बिचाऱ्यांना अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडून द्यायचो, तेवढेच डास कमी होतील म्हणून.

श्रावणापासून त्याच्या टाक्यांत एकही पिल्लू झालं नाही. त्याने पाणी बदललं, खाद्य बदललं, टाक्यांची तोंडं पूर्वेला केली. माझा हौद मात्र पिल्लांनी नुसता वळवळत होता. त्याचा उतरलेला चेहरा बघून मला सांगवेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने अकरा सर्वोत्तम गप्पी पिशवीत भरले. मी मोटरसायकल काढली. तो मागे बसला, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून.

विपुलने पिशवी उजेडात धरली. "वाह अंकलजी, माल तो एक नंबर है!" देवदत्तने माझ्याकडे अभिमानाने बघितलं. "लेकिन ये तो सारे नर हैं. मैं तो जोड़ी बेचता हूँ. घर में बच्चे होंगे, तभी ग्राहक दाना लेने लौटेगा न? आपको छह मादा दी थीं, वो कहाँ गईं?"

देवदत्तने पिशवी परत घेऊन एकेक मासा निरखून पाहिला.

"रिजेक्ट कर दीं," तो हळूच म्हणाला. "उनकी बच्चियाँ भी."

"काहे?"

"पेट... साइज़ से बाहर था."

विपुल हसता हसता स्टुलावर बसला. "अंकलजी, उसी पेट में तो धंधा था!"

मला त्याची फार दया आली. "माझ्या हौदात आहेत सगळ्या," मी सांगून टाकलं. "मजेत आहेत. लेकीबाळींसकट चारेकशे तरी असतील."

विपुलने तिथल्या तिथे अकरा जोड्या मागितल्या. आम्ही घरी आलो. देवदत्त हौदाशी उकिडवा बसला. मळकट रंगाच्या, पोट सुटलेल्या माद्या त्याच्या हाताभोवती जमल्या. त्याने खिशातून भिंग काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत ठेवून दिलं. मग बरणीचा लाल दोरा सोडला आणि मोजून अकरा माद्या तीत घेतल्या.

माल पोचवून परतेपर्यंत दोन वाजले. वहिनींनी मलाही जेवायला बसवलं. देवदत्तच्या ताटात पडलेली पोळी एका बाजूने जाड होती आणि तिचा आकार कुठल्याशा जिल्ह्याच्या नकाशासारखा होता. तो तिच्याकडे बघत राहिला. माझा घास हातातच राहिला.

"चांगली झाली," तो म्हणाला. "तुझी नेहमीच चांगली होते. मीच कधी बोललो नाही."

वहिनींचा हात तव्यावर थांबला. "चंद्रशेखरभाऊ, हे काय बोलून राहिले? यांना ऊन तर नाही न लागलं?"

"मासे विकले गेले, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि डब्यातून शोधून सगळ्यात वाकडी पोळी त्याच्या ताटात टाकली. त्याने ती खाल्ली आणि आणखी एक मागितली.