आर्डिथ ह्रुस्काची नदी

आर्डिथ ह्रुस्काला मिसिसिपी बघायची होती. लग्न ठरलं तेव्हा व्हर्लिनने कबूल केलं होतं, पेरणी उरकली की आपण पूर्वेला नदीपर्यंत जाऊन येऊ. पण त्याच वसंतात सासऱ्यांनी अंथरूण धरलं, गोठा व्हर्लिनच्या गळ्यात पडला, आणि दुभत्या गायींना सुट्टी कळत नाही. पहाटे धारा, संध्याकाळी धारा. कुणाकडे जेवायला गेलं तरी पाईचा शेवटचा घास उभ्याने खाऊन घराकडे पळायचं. बघता बघता मुलगी मोठी होऊन डेन्व्हरला गेली, आर्डिथचे केस पिकले, आणि या एप्रिलमध्ये एकदाच्या गायी विकल्या गेल्या.

गायी गेल्यावर घर फारच शांत झालं. व्हर्लिन घरात आधीच मितभाषी. दुकानात, चर्चच्या पायरीवर, कुणाशीही पावसापाण्याबद्दल तासभर बोलेल, पण घरात आला की टोपीबरोबर जीभही खुंटीला टांगायचा. इतकी वर्षं निदान दुधाच्या टाकीची मोटर तरी घुरघुरायची. आता तीही बंद.

एक गोष्ट मात्र गेल्या काही दिवसांत बदलली होती. रात्रीचं जेवण झालं की तो आठवड्याचं वर्तमानपत्र तिच्याकडे सरकवायचा. "वाच गं जरा." मग ती वाचायची. कोण वारलं, कुणाचा लिलाव आहे, कुणाच्या नातीच्या वासराला जत्रेत बक्षीस मिळालं. तो डोळे मिटून ऐकायचा. मधेच म्हणायचा, "परत वाच ते." उतारवयात का होईना, नवऱ्याला आपला सहवास हवासा वाटायला लागला, असं आर्डिथने मनाशी धरलं होतं. वाचायला बसण्याआधी ती एप्रन बदलायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात!

जुलैत एका सकाळी व्हर्लिन आपणहून म्हणाला, "नदी बघायची होती ना तुला?" आर्डिथने जास्त विचारलं नाही. विचारलं तर तो मागे फिरेल अशी भीती. तिने कोलाचे, आलुबुखार भरलेले गोड पाव, भाजले, हॅमचे सँडविच बांधले, थर्मास भरला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. गाडी अर्थातच व्हर्लिन चालवत होता. आर्डिथ एरवी एकटी सगळीकडे गाडी घेऊन जायची. पण दोघं गाडीत असताना बाई स्टीअरिंगवर दिसली की गावात एकच अर्थ काढतात, नवऱ्याला दवाखान्यात नेतेय.

आमच्याकडे नेब्रास्कात समोरून कुणीही येवो, ओळखीचा असो नसो, स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचं. हात हलवायचा नाही, हसायचं नाही, फक्त बोट. व्हर्लिनचं ते बोट कधी चुकलेलं आर्डिथला आठवत नव्हतं. मिसुरी नदी ओलांडून शेजारच्या आयोवा राज्यात शिरल्यावर, एका लांब सरळ रस्त्यावर, त्याने बोट उचललं ते कडेच्या एका टपालपेटीला. आर्डिथला हसू आलं. तो हसला नाही. पुढे बियाण्याच्या कंपनीची पिवळी पाटी शेतात उभी होती, तिलाही बोट. मग खरोखरच एक पांढरा पिकअप समोरून आला, चालवणाऱ्याने बोट उचललं, आणि व्हर्लिनचे दोन्ही हात जागच्या जागी राहिले.

आर्डिथ त्याच्या डोळ्यांकडे बघायला लागली. गावचे रस्ते त्याच्या अंगवळणी पडलेले. कुठल्या वेळी कोण येणार, कुठल्या आवाजाची गाडी कुणाची, सगळं पाठ. इथे काहीच पाठ नव्हतं.

दुपारी एका छोट्या गावात जेवायला थांबले. वाढणारी बाई बडबडी होती. तिने मेनूकार्ड पुढे केलं, ते व्हर्लिनने न उघडताच बाजूला ठेवलं आणि विचारलं, आज चांगलं काय आहे. असं तो गेलं दीड वर्ष सगळीकडेच विचारत होता, हे आर्डिथला आता ध्यानात आलं. बाईने गाडीचा नंबर पाहिला असावा.

"नेब्रास्काची मंडळी! आमचा मका बघून पोटात दुखायला लागलं असेल."

"दुखायला मका दिसायला तर हवा," व्हर्लिन म्हणाला. "कमरेएवढा तरी झालाय का अजून?"

काउंटरवरची म्हातारी मंडळी खो खो हसली. खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे, मका माणसाच्या डोक्यावर गेलेला होता. सगळ्यांना वाटलं काय तिरकस बोलतो हा बाबा! एकाने त्याच्या कॉफीचे पैसे दिले. आर्डिथ तेवढी हसली नाही. तिने ग्रेव्हीत भिजलेलं मांस कापलं आणि ताटाच्या कडेला सारलं. बोलावं तर त्याची शेती, त्याचं फिरणं, गावाबाहेरचं घर, सगळं एका वाक्यात संपणार. न बोलावं तर गाडी त्याच्या हातात. आणि या दोन्हीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तिला बघायचंच नव्हतं. ते वर्तमानपत्र.

जेवून दोघं परत रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंनी मक्याच्या भिंती. एका चौकात थांबायची लाल पाटी आली, मोठी, ठळक, आणि व्हर्लिन वेग कमी न करता तिच्यापुढून निघून गेला. डुकरांनी भरलेला एक ट्रक आडवा येत होता. त्याचा भोंगा गाडीच्या मागून किंचाळत गेला.

"बाजूला घे," आर्डिथ म्हणाली.

"काय झालं?"

"व्हर्लिन, गाडी बाजूला घे."

एका शेताच्या तोंडाशी त्याने गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. मक्याची पानं एकमेकांवर घासत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने न समजल्याचं सोंग केलं नाही, एवढं तरी बरं. "डोळ्यांत मधोमध डाग आलाय. कडेकडेनं दिसतं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यापासून." डॉक्टरला दाखवलं होतं, एकट्याने जाऊन. यावर औषध नाही, गाडी सोडा, असं डॉक्टरने सांगितलं होतं. "तुला सांगितलं असतं तर तू गावात घर बघायला लागली असतीस."

"म्हणून मला शेजारी बसवून मारायला निघालास."

"तुला नदी दाखवायची राहिली होती. पुढच्या वर्षी हेही जमलं नसतं."

आर्डिथने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग विचारलंच. "पेपर वाचून घ्यायचास, ते म्हणूनच ना?"

व्हर्लिन खोटं बोलणारा माणूस नव्हता. लपवण्याची गोष्ट वेगळी. त्याने बराच विचार केला. "म्हणूनच," तो म्हणाला. पुढे आणखी काही येईल म्हणून ती थांबली. त्याने चावी काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि दार उघडून खाली उतरला. बॉनेट चाचपत, वळसा घालून, तो तिच्या बाजूला आला. ती जागा रिकामी करून देईपर्यंत उन्हात उभा राहिला.

तिने सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे वळवला. व्हर्लिनला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आता घरीच फिर. मला काय दिसणार आहे तिथं?"

इकडे दर मैलावर आडवा रस्ता मिळतो. वळायला कधीच उशीर होत नाही. पहिला रस्ता आला आणि गेला. दुसरा आला. आजवर अशा वेळी तिने त्याच्याच मनासारखं केलं असतं आणि वर, मलाही कंटाळाच आला होता, असं म्हणाली असती.

"मला दिसणार आहे," ती म्हणाली, आणि सरळ गेली.

उन्हं कलायच्या सुमाराला रस्ता टेकड्यांमधून उतरला आणि नदीकाठी एका उतारावर संपला. व्हर्लिन पट्टा न सोडता बसून राहिला. आर्डिथ एकटीच खाली गेली. नदी मातकट होती आणि कल्पनेपेक्षा पुष्कळ रुंद. पलीकडची झाडं तिथे असल्यासारखी आणि नसल्यासारखी. एक लांबलचक पडाव, सपाट मालवाहू नाव, धान्य घेऊन दक्षिणेकडे चालला होता, इतका सावकाश की आधी तो थांबलाच आहे असं वाटलं. हे सगळं एवढी वर्षं इथेच होतं आणि आपण तिकडे दुधाच्या बादल्या धूत होतो. हे कुणाला तरी म्हणावं असं तिला वाटलं. शेजारी कुणी नव्हतं.

मागे गाडीचं दार वाजलं. मग खडीवर पावलं, दोन-चार, आणि थांबली.

"आर्डिथ?"

ती पडावाकडे बघत राहिली.

"आर्डिथ, कुठं आहेस गं?"

कुठं आहेस, असं त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. ती घरात कुठेतरी असायचीच. तिने पडाव वळणापलीकडे दिसेनासा होऊ दिला. डोळे पुसले. मग वळून पाहिलं. तो चेहरा तिरका करून, डोळ्याच्या कडेने तिला शोधत होता, आणि भलतीकडेच बघत होता.

"इकडे," ती म्हणाली. "डावीकडे ये. उतार आहे, सांभाळून. हं, सरळ. पाणी तपकिरी आहे, आपल्या ओढ्यासारखं. थांबू नकोस, ये. पलीकडे झाडं आहेत, लांब आहेत खूप..."

तो येऊन पोचेपर्यंत ती बोलत राहिली.