पाल्याची गोळी आणि दादाचा पाय

एकवीस वर्षं ती लोकांच्या पायांतल्या रक्तवाहिन्या तपासत आली होती. घोट्याला पट्टा बांधून दाब मोजायचा, मग रुग्णाला लांब व्हरांड्यात चालवायचं आणि पोटरीतली कळ त्याला कुठे थांबवते ते लिहायचं. सगळे तिला ताई म्हणत. कामाला वाघ, पण जिभेला लगाम नाही.

दवाखान्यात झाडपाल्याच्या एका गोळीची चाचणी सुरू झाली. निम्म्यांना पाल्याच्या अर्काची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मोजायचं फक्त चालण्याचं अंतर. आणि मोजणाऱ्याने मागून, तोंड मिटून चालायचं, हा कडक नियम.

तिला ते जमलं तर शपथ. "अजून थोडं, काका. त्या खिडकीपर्यंत. हां, अस्सं." माणसं तिच्या शब्दाखातर कळ गिळून चालत, आणि कागदावर सगळ्यांचंच अंतर वाढत गेलं.

त्यात तिचा थोरला भाऊही होता, शिंपीकाम करणारा. पायाची रक्तवाहिनी लगेच मोकळी करून घ्या, असं डॉक्टर त्याला बजावत होते. पण तिसऱ्या महिन्यात दादा खिडकी ओलांडून गेला आणि हरखून म्हणाला, "पाला लागू पडलाय गं. आता कशाला चिरफाड?" तिलाही तेच ऐकायचं होतं. "राहू दे मग," ती म्हणाली.

पुढे ती तापाने आठवडाभर घरी राहिली. तिच्या जागी आलेला माणूस अगदी घुमा. त्याच्यापुढे दादा खिडकीच्या कितीतरी अलीकडे, तिसऱ्या खांबाशीच थांबला, बाकीचेही असेच अर्ध्यात बसले. चाचणी चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी जुने-नवे कागद तिच्यापुढे ठेवले. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. तिची सगळी मोजणी बाद ठरली आणि चाचणी बंद झाली.

दादाच्या पायाचा अंगठा तोवर काळा पडला होता. वाहिनी उघडायची वेळ गेली, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असं सर्जननी सांगितलं. तिला रडूही येईना. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी दादाने तिचा हात धरला. "मशीन काय, एका पायानेही चालवीन. मला एवढंच सांग, तो पाला खरंच गुणाचा होता का?"

"ते आता कुणालाच कळायचं नाही, दादा," ती म्हणाली. "मी बोलत राहिले ना."