पैकीच्या पैकी

वेंटवर्थव्हिलच्या आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष व्हायचं माझ्या डोक्यात सात वर्षं होतं. सात वर्षं गणपतीचं जेवण सांभाळलं, आता मला माइक हवा होता. लॉकडाउनमुळे निवडणूक ऑनलाइन आली आणि मी अतिशहाणी आधी नियमच बदलायला निघाले.

जुना नियम असा, की कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर पहिल्या दोघांत पुन्हा फेरी. आधीच्या वर्षी झूमवर दुसऱ्या फेरीच्या वेळी अर्धे लोक कुकर बंद करायला उठले ते परत आलेच नाहीत. म्हणून म्हटलं, इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीसारखं करू. तिन्ही उमेदवारांना एकदाच पसंतीक्रम द्यायचा, शेवटचा बाद, त्याची मतं त्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीकडे. ठराव एकमताने पास झाला. सगळ्यांना ईमेलही मीच लिहिली: 'पसंतीनुसार एक ते तीन आकडे द्या.'

पहिल्याच मोजणीत मी बाद. निवडून आले ते काका, ज्यांचं आभारप्रदर्शन दरवर्षी जेवण गार होईपर्यंत चालतं. मला रडूच कोसळलं.

नवरा पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "मी तर तुला पैकीच्या पैकी दिले होते."

"म्हणजे?"

"तीनपैकी तीन. काकांना एकच."

मी डोळे पुसायची थांबले. तेवढ्यात ब्लॅकटाउनच्या मैत्रिणीचा फोन. "अगं, सो अनफेअर. मी तुला फुल मार्क्स दिलेले."

मार्कांवर वाढलेली माणसं आम्ही. एक म्हणजे पहिली पसंती, हे मी लिहिलंच नव्हतं. पोट दुखेपर्यंत हसले आणि मग ठरवलं, रविवारच्या मीटिंगमध्ये फेरनिवडणूक मागायचीच.

रविवारी अनम्यूटवर बोट ठेवून बसले. काका रेशमी कुर्ता घालून आले, गळ्यात काकूंनी बागेतल्या फुलांचा केलेला हार.

"निवडून येईन असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "ही मोजणी मला अजून कळलेली नाही. मी स्वतःलासुद्धा तीनच दिले होते."

सगळे म्यूटवर, पण प्रत्येक चौकोनात खांदे गदगदत होते. काका मात्र इतके खूश होते की माझं बोट आपोआप मागे आलं. मग त्यांनी आभार मानायला सुरुवात केली. पहिलं नाव माझं होतं, नियम बदलल्याबद्दल.