चालीतला ‘गो’

मुलांनो, आजी काम करताना एकच ओळ गुणगुणते आणि मध्येच का सोडते, असं तुम्ही विचारलं होतंत. मी ती सोडत नाही. ती तिथेच संपते.

महाडला मी परकरी पोर असताना गणपतीच्या मेळ्यात गात असे. मेळ्याची पदं रचून त्यांना चाली लावणारे मास्तर घाटावरचे. तालीम आमच्या समोरच्या घरी चाले. आमच्या बोलण्यातला ‘गो’ त्यांना मुळीच खपत नसे. कुणी ‘सरक गो’ म्हटलं, की पेटी थांबे.

त्या वर्षी मास्तरांना चैन नव्हतं. कृष्ण राधेला बोलावतो असं एक पद होतं. त्याची आज बसवलेली चाल ते उद्या मोडायचे. शिकवताना उठून खिडकीशी जायचे. खिडकीतून आमचं स्वयंपाकघर दिसे, आणि त्यात लग्नाची झालेली माझी आत्या.

एकदा ओळीच्या शेवटी माझ्या तोंडून ‘येशील का गो’ असं गेलं. पेटी थांबली. हे कुठून आलं, म्हणून त्यांनी विचारलं.

“आत्या असंच म्हणते,” मी म्हटलं. “भाकऱ्या थापताना.”

मास्तर रागावले नाहीत. तीच ओळ त्यांनी ‘गो’सकट पुन्हा म्हणवून घेतली, आणि चारसहा दिवसांत माझ्या आजोबांकडे येऊन आत्याला मागणी घातली. आजोबांना स्थळ पसंत होतं. तरी त्यांनी आत्याला विचारलं.

“चाल आवडते हो मला, बाबा,” ती म्हणाली. “चाल लावणारा आवडतो, असं कधी म्हटलं मी?”

नकार कळल्यावरही मास्तर विसर्जनापर्यंत राहिले. पदात ‘गो’ तसाच ठेवला, पण चाल पुन्हा मोडली. पूर्वी ओळ ‘सा’वर येऊन टेकायची, आता ती खालच्या ‘नी’वरच अडवली. आम्ही मुली सवयीने ‘सा’वर जायचो, की ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत.

“टेकायचं नाही,” एवढंच म्हणत.

सावित्रीच्या काठी आम्ही ते पद गायलो. संपलं तरी माणसं पुढच्या स्वराची वाट बघत उभी होती. आत्याही होती, कडेवर कुणाचंतरी मूल घेऊन. मास्तर तिकडे बघत होते. ती मुलाचं नाक पुसत होती.

मास्तर घाटावर परत गेले. आत्या नंतरही सासरी, माहेरी जुनीच चाल म्हणायची, ‘सा’वर नीट टेकणारी. मी खूप प्रयत्न केला, मला ती येत नाही. मी ‘गो’पाशी पोचते आणि उठून उगाच कशाला तरी हात लावते.