सराफ्यात शिरता शिरता

ऑपरेशन थिएटरमध्ये किस्से धुण्यासारखे साचतात. मी इंदूरच्या एका हॉस्पिटलात भूल देते. काळ्या बुरशीचा तो मौसम आठवला की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही. कोविडमधून सुटलेली, शुगर वाढलेली माणसं. बुरशी नाकातून डोळ्याकडे सरकायची, सर्जन कुजलेलं काढायचे, आठवडाभरात तोच पेशंट परत टेबलावर. छत्रीबागेतले मुळेकाका त्यातलेच, रिटायर्ड मास्तर.

*

पहिल्या दिवशी विचारलं, "काका, उपाशी आहात ना?"

"एकदम. फक्त पोहे घेतले."

काकू घाईनं म्हणाल्या, "पोह्यांसोबत जलेबी नाही हं दिली, मॅडमजी! शुगर आहे ना."

इंदुरात पोह्यांना कोणी खाणं म्हणत नाही. भरल्या पोटी भूल देता येईना आणि बुरशी काही पोहे पचायची वाट बघत नव्हती. संध्याकाळपर्यंत मी नुसती येरझारा घालत होते.

*

भूल चढेपर्यंत मी पेशंटला बोलतं ठेवते. काका म्हणाले, "राजवाड्यावरून पैदल सराफ्यात शिरा. सोन्याची दुकानं मिटली, की रात्री तिथं खाण्याचं एक दुकान लागतं, त्याची जलेबी..." आणि झोपले.

जागे झाल्यावर विचारलं, तर म्हणे, "अगल्या वेळी."

अगल्या वेळीही राजवाडा ओलांडला आणि झोपले! सगळ्या थिएटरला त्या दुकानाचा ध्यास लागला.

*

मग डोळा काढावा लागला. पुढच्या खेपेला मास्कमधून हवा देतेय, तर छाती फुगेना. हवा डोळ्याच्या खोबणीतून बाहेर! ललिता सिस्टरनं ओला गॉज तिथं दाबून धरला तेव्हा कुठं छाती हलली.

*

एकदा बुरशीच्या औषधानं पोटॅशियम इतकं उतरलं, की भूल दिली असती तर हृदयच थांबायचं. मी ऑपरेशन अडवून धरलं. आमचे सर्जन राठौर दारातून ओरडले, "क्या भिया, मुहूर्त निघतोय का?"

"रिपोर्ट निघतोय," मी म्हटलं.

*

शेवटी तोंडातली टाळू काढायची ठरली. काकांनी विचारलं, "मग बोलता येईल?"

"माहीत नाही, काका." खोटं बोलवेना.

"तर आज पूर्ण सांगतो." त्यांनी राजवाडा गाळलाच. "सराफ्यात डाव्या हाताला, तिसऱ्या..."

औषध आधीच शिरेत गेलं होतं. मला फार वाईट वाटलं.

*

काही महिन्यांनी काका ओपीडीत आले. टाळूच्या जागी प्लेट, सोबत काकू. राठौर, सिस्टर, मी, सगळे धावलो. बोलता येतंय का, तेच कळायचं होतं.

"काका, कोणतं दुकान?"

काकांनी उरलेल्या एका डोळ्यानं काकूंकडे पाहिलं. मग सावकाश, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाले,

"कसलं दुकान, मॅडमजी? मला तर शुगर आहे."