बोडकी पट्टी

यवतमाळात रशियन येणारी एक बाई राहते, हे आता फार थोड्यांना ठाऊक आहे. ममता राठोड त्यांचं नाव. सोव्हिएत देशाचा दबदबा होता तेव्हा दिग्रसकडच्या तांड्यातली ही पोर नागपूरला जाऊन ती भाषा शिकली आणि यवतमाळात येऊन संध्याकाळचा वर्ग काढून बसली. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, त्यात हे आणखी कुठलं खूळ, म्हणून लोक हसले. पण वर्ग भरायचा! पुढे तो देशच मोडला, वर्ग ओस पडला आणि बाईंनी पुढची सारी वर्षं शाळेत हिंदी शिकवण्यात काढली. हिंदीवर त्यांचा राग नव्हता, पण जीव त्या जुन्या वर्गातच अडकून राहिला.

त्या वर्गाची खरी मजा होती कापडाच्या पट्ट्यांत. रशियन क्रियापद म्हणजे मोठं नखरेल प्रकरण. 'रिसोवात' म्हणजे चित्र काढणं. पण 'मी काढते' म्हणायचं झालं की मधला 'ओवा' पळतो, तिथे 'ऊ' येऊन बसतो आणि होतं 'रिसूयू'. फळ्यावर हे कुणाच्या गळी उतरेना. मग बाईंनी आपल्या याडीला, म्हणजे आईला, पट्ट्या शिवायला बसवलं. मानीबाईला अक्षरओळख नव्हती, पण सुई अशी चालायची की बघत राहावं. शब्दाच्या मुळाची एक पट्टी, प्रत्ययांच्या वेगळ्या, जोडायला टिचबटणं. एक काढायची, दुसरी लावायची.

भूतकाळापाशी मात्र घोळ झाला. 'तिनं वाचलं' म्हणताना 'चिताला', शेवटी 'आ' लागतो. 'त्यानं वाचलं' म्हणताना नुसतं 'चिताल', शेवटी काहीच नाही. एक रूप खुणेचं, दुसरं बिनखुणेचं. त्या 'काहीच नाही'साठी बाईंनी 'ही गड्याची' म्हणून कोरी पट्टी सांगितली होती. मानीबाईनं बाईची 'आ'ची पट्टी भरतकामानं नटवली होतीच, हिच्यावरही चांगला झगझगीत आरसा जडवून दिला.

"याडी, हे कोरंच पायजे होतं ना!"

"बाईले एवढा साज अन् गडी बोडका? बोडका कसा धाडू त्याले?"

मानीबाईच्या हातून कोरं कापड कधी घराबाहेर गेलंच नव्हतं. आरसा राहिला. आरसा आला की शेवटी काही बोलायचं नाही, असं पोरं हसत हसत शिकली.

मानीबाई गेली. पट्ट्या पेटीत पडून राहिल्या आणि त्या आरशाचे टाके कधी उसवले ते कळलंही नाही. बाईंनी सगळी पेटी उपसली. आरसा मिळाला नाही. त्या दिवशी त्या ढसाढसा रडल्या.

यंदा डॉक्टरकीसाठी रशियाला निघालेल्या पोरांचा एक क्लास सुरू झाला. रजत नावाचा मुलगा तो चालवतो. बाई आपण होऊन त्याच्याकडे गेल्या. मरायच्या आधी पुन्हा एकदा वर्ग मिळावा, एवढीच त्यांची आस. रजतनं एक तास दिला. पोरांनी पट्ट्यांचे फोटो काढले, मागची दोघं फिदीफिदी हसली. मारेगावची सुरभी तेवढी पट्ट्या लावून काढून बघत बसली.

"मॅडम, मस्त होतं," रजत नंतर म्हणाला, "पण एवढ्या खोलात कायले जाता? कामापुरती वाक्यं पाठ करून घेऊ. बाकी मोबाइल बोलते."

बाई हसून उठल्या. घरी येऊन पेटीला कुलूप घातलं. फार लागलं त्यांना.

आठवडा झाला असेल. दारात सुरभी उभी, मागे तिच्या क्लासमधली आणखी दोघं.

"मॅडम, आमाले तुमच्यापाशीच शिकाचं आहे. तुमच्यासारख्या पट्ट्या मी आजीकडून शिवून आणल्या." सुरभीची आजी वच्छलाबाई म्हणजे कापूस वेचणारा हात. "पण एक बिघडली. ती कोरी होती ना, कोरीच ठेव म्हटलं होतं मी. आजी ऐकतच नाही. म्हणे, बाकीच्या नटल्या, हे एकच बोडकी काहून? अन् देल्ली टिकली लावून. उसवून टाकू का?"

बाईंनी पट्टी हातात घेतली. हिरवी, वाकडी बसलेली टिकली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हात नको लावू त्या टिकलीले," त्या म्हणाल्या, आणि पेटीची किल्ली शोधायला उठल्या. "चपला काढा. बसा सगळे."